फिलिपमामा बसलेत तोवर

इमारत भरलेली असो की ओस पडलेली, तिच्या छतात दिवसरात्र हजेरी चालू असते. तळमजल्यावर भिंतीला एक करडी पेटी असते, तिला पॅनल म्हणतात. ती वायरीतून दर काही सेकंदांनी एकेकाला हाक मारते. एक नंबर? हजर. दोन नंबर? हजर. छताला चिकटलेल्या त्या पांढऱ्या वाट्या, ज्यांच्याकडे आपण मान वर करून कधी बघतसुद्धा नाही, त्या उत्तरं देत असतात. कुणी गप्प राहिलं की पेटीवर पिवळा दिवा लागतो आणि मग फिलिपचा फोन वाजतो.

जामखेडच्या फिलिपनं ही हजेरी बावीस वर्षं सांभाळली. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते पोरांची हजेरी घ्यायचे. याला पोरांचा कंटाळा, म्हणून यानं इमारती धरल्या, असं त्याची बायको एंजेला म्हणायची. खाकी शर्ट, खांद्यावर दोरीनं अडकवलेला लांब बांबू आणि मोटरसायकल. नगरची कॉलेजं, काष्टीकडची गोदामं, कुठलं मंगल कार्यालय, कुठलं हॉस्पिटल. नव्या लोकांनी नगरला अहिल्यानगर म्हणायला सुरुवात केली तरी फिलिपच्या वहीत नगरच राहिलं.

त्या बांबूच्या टोकाला तो उदबत्ती बांधायचा. छतातल्या त्या वाट्या, म्हणजे धुराचे डिटेक्टर, तपासायला धुराचा स्प्रे विकत मिळतो, पण फिलिपचा त्याच्यावर विश्वास नव्हता. आग लागल्यावर काय स्प्रे येणार आहे का, धूर येणार, मग धूरच दाखवा, हे त्याचं म्हणणं. रविवारी चर्चबाहेर मित्र चिडवायचे, "फिलिप, दिवसाला पुडा संपवतोस. कुठल्या देवाला रे?"

"छतातल्या डोळ्याला," तो म्हणायचा.

आणि ते खरंच होतं. त्या पांढऱ्या वाटीच्या आत एक काळीकुट्ट खोली असते, बोटभर. तिच्यात एक बारीक दिवा जळतो आणि एक डोळा बसलेला असतो, पण दिव्याचा उजेड डोळ्यावर पडू नये अशा बेतानं. डोळा वर्षानुवर्षं अंधारात बघत राहतो. धूर आत शिरला की उजेड त्या धुरावर आपटून चहूकडे फुटतो, त्यातला थोडा डोळ्याला दिसतो. दिसला की तो पॅनलला सांगतो आणि पॅनल सगळ्या मजल्यांवरचे हूटर वाजवतं. फिलिप हे सांगायला लागला की ऐकणारा हळूच वर बघायचा आणि जागा बदलून बसायचा.

त्याच्या कामाचं खरं भय मात्र वेगळं होतं, ते म्हणजे रिकाम्या इमारती. सुट्टीतल्या कॉलेजात तीन मजले हिंडायचं, पावलांचा आवाज आपलाच आणि वर ओळीनं डोळे. शनिशिंगणापूरला दार न लावायचा रिवाज पाळणारं एक जुनं लॉज होतं. तिथं व्हरांड्यात उभं राहून त्यानं हूटर वाजवला की आवाज एकेका उघड्या खोलीत शिरायचा, फिरायचा आणि मागच्या बाजूनं त्याच्यापर्यंत परत यायचा. पहिल्यांदा त्यानं झटकन मागं वळून पाहिलं होतं. मागं फक्त चौकटी होत्या.

वीस वर्षं हूटरखाली उभं राहिल्याचं फळ त्याला दोन वर्षांपूर्वी मिळालं. एका दुपारी शेवग्याखाली बाजेवर पडला असताना हूटर वाजला. टीं टीं टीं, जरा दम, परत टीं टीं टीं. तो ताडकन उठला. अंगणात कोंबड्या निवांत चरत होत्या, एंजेला डाळ निवडत होती.

"काय झालं?"

"काही न्हाई," तो म्हणाला आणि परत पडला. आवाज चालूच होता.

नगरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हूटरसारखे बारीक, टोकदार आवाज नीट ऐकण्याची ताकद तुमच्या कानांतून गेली. आणि जे वाजतंय ते बाहेर नाही, आत आहे. ते कधी येईल, कधी जाईल, सांगता येत नाही. फिलिपनं विचारलं, मग खरं कुठलं आणि माझं कुठलं, हे ओळखायचं कसं? डॉक्टर म्हणाले, दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा. खरा आवाज कमी होईल, तुमचा वाढेल.

ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. हूटर तपासणाऱ्या माणसाला हूटर नीट ऐकू येत नाही, हे कळलं असतं तर कोण बोलावणार होतं? तो पॅनलवरचे दिवे बघून सह्या करायचा आणि वाजलं का म्हणून दुसऱ्याच कुणाला विचारायचा. कधी शंका आली की कुणी बघत नाही असं पाहून कान दाबायचा. बहुतेक वेळा आवाज वाढायचा.

जामखेडातच एक खासगी प्रसूतिगृह होतं, डॉक्टर पंकजाबाईंचं. खाली ओपीडी आणि ऑपरेशनची खोली, वर बाळंतिणींचा वॉर्ड, दोघांना जोडणारा एकच जिना. जिन्याला लागून वरच्या मजल्यावर गाद्या-चादरींची खोली. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी फिलिप तिथं तपासणीला जायचा. पहिल्याच वेळी भलताच गोंधळ झाला होता. हूटर वाजला तशा बाया बाळं उराशी धरून जिन्याकडं धावल्या, आणि एकीचे टाकेच उसवायची वेळ आली. पंकजाबाई भडकल्या. तेव्हा फिलिप वॉर्डाच्या मधोमध स्टूल घेऊन बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "आयांनो, घाबरायचं न्हाई. मी हितं बसलेलो दिसलो म्हंजे टेस्टिंग चाललंय. मी बसलोय तोवर तुमीबी बसा."

हे वाक्य त्या वॉर्डात रुजलं. जुन्या बाळंतिणीनं नवीला सांगावं, आयाबाईनं नातेवाइकांना सांगावं. हूटर वाजला की सगळ्यांच्या नजरा आधी स्टुलाकडं जायच्या. फिलिपमामा बसलेत? मग झालं, चालू द्या. सिस्टर स्नेहल तर औषधाचा चमचाही हलू द्यायची नाही. फिलिपला याचा अभिमान होता, हे सांगितलंच पाहिजे.

तिथली दुसरी डोकेदुखी म्हणजे धुरी. बाळाला न्हाऊ घातलं की ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यांवर टाकून त्याच्या धुरावर बाळ धरायचं, हे आपल्याकडं कुठल्या बाईला शिकवावं लागत नाही. हिंदू असो की ख्रिस्ती, धुरीवाचून बाळाची सर्दी जात नाही, यावर सगळ्यांचं एकमत. इमारतीमागं तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापायचं, त्यातले निखारे पदराआडून वर यायचे. पंकजाबाईंनी बंदीचा कागद चिकटवला. नातेवाइकांनी वेगळी शक्कल काढली. एकदा फिलिप बांबू घेऊन आला आणि वर बघून जागीच थबकला. छताच्या डिटेक्टरला कुणीतरी टोपडं घातलं होतं. पिवळ्या फुलांचं, नाड्यांची नीट गाठ मारलेलं. क्षणभर वाटलं, वरून एक बाळ उलटं डोकं काढून खाली बघतंय.

टोपडं काढून तो खाली पॅनलपाशी गेला आणि जुनी नोंद वाचत राहिला. अकरा दिवस त्या डिटेक्टरनं हजर म्हटलं होतं. पॅनल फक्त तू आहेस का, एवढंच विचारतं. तुला दिसतंय का, हे ते विचारत नाही. त्या दिवशी घरी जाताना फिलिपला स्वतःच्या कानांची फार लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

मग त्याची मुलगी कृपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सोमवारी पहाटे तिला त्याच वॉर्डात मुलगी झाली, टाके घालून. मंगळवारी दुपारी एंजेला डबा आणायला घरी गेली आणि फिलिप तिच्या जागी येऊन बसला. मधोमध ठेवलेलं ते स्टूल त्यानं कृपाच्या खाटेजवळ ओढलं होतं, एवढाच फरक. अंगात नेहमीचा खाकी शर्ट होता.

शेजारच्या खाटेवर चांगुणा होती, आदल्याच दिवशी पोट कापून मोकळी झालेली, अजून कूससुद्धा न बदलता येणारी. तिची आई छबूबाई तिच्या उशापायथ्याशी वावरत होती. छबूबाई जरा घाईतच वाटली. स्नेहल सिस्टरची फेरी येताना दिसली तशी ती काहीतरी उचलून वॉर्डाबाहेर गेली आणि हात पुसत परत आली.

"घ्या की नातीला पाव्हनं," ती म्हणाली. "नुसतं बघून काय पोट भरतंय व्हय?"

"मला भ्या वाटतं," फिलिप म्हणाला. "लई लहान हाय."

"पप्पा, धरा ना," कृपा म्हणाली आणि स्नेहलनं ते गाठोडं त्याच्या हातांत दिलंच. एक हात मानेखाली, एक हात पाठीखाली. दीड दिवसाचा जीव. बांबू पेलणाऱ्या त्या हातांना इतकं हलकं काही धरायची सवय नव्हती. फिलिपचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलंही नाही.

तेव्हाच त्याच्या कानात सुरू झालं. टीं टीं टीं. लांबून, बारीक, नेहमीसारखं.

आत्ताच मेल्याला वाजायचं होतं, त्याला वाटलं. दोन्ही हात गुंतलेले, कान दाबायची सोय नाही. त्यानं सवयीनं आजूबाजूला पाहिलं. खरा असता तर लोक हलले असते. कुणी हलत नव्हतं. अकरा खाटांवर अकरा बाया निवांत होत्या. कुणी बाळाला पाजत होती, कुणी वेणी घालून घेत होती. स्नेहल कागदावर काही लिहीत होती. पण एक गोष्ट जरा चमत्कारिक होती. सगळ्याजणी एकेक करून त्याच्याकडं बघत होत्या. बघायच्या, हसायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. आजोबा झालो म्हणून हसतायत, असं त्याला वाटलं. तोही त्यांच्याकडं बघून हसला.

टीं टीं टीं, जरा दम, टीं टीं टीं.

दुपारचं ऊन खिडकीच्या गजांतून आत आलं होतं. वॉर्डात इतकी शांतता त्यानं कधी पाहिली नव्हती. तो ओठ मिटून आपला आतला आवाज सोसत बसला. बायकांच्या नजरा येऊन जात राहिल्या. छबूबाईनं वर छताकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि निश्चिंत होऊन लेकीचे पाय चेपायला लागली.

मग त्याच्या हातांतलं बाळ दचकलं. दोन्ही मुठी उघडल्या, हात बाजूला फेकले गेले. लहान बाळं दचकतातच. त्यानं छातीशी धरलं, ते शांत झालं. आवाज थांबला होता, तेवढा दम. पुन्हा टीं टीं टीं सुरू झालं आणि बाळ पुन्हा दचकलं. थांबलं, तशी मूठ मिटली. सुरू झालं, तशी उघडली.

फिलिप त्या मुठीकडं बघत राहिला. माझ्या डोक्यात वाजतंय ते हिला कसं कळतंय?

मग त्याला समजलं. या खोलीत दीड दिवसाच्या या पोरीला तेवढं कुणी सांगितलेलं नव्हतं की फिलिपमामा बसलेत तोवर बसायचं. वॉर्ड त्याच्याकडं बघून बसला होता आणि तो वॉर्डाकडं बघून. सगळे एकमेकांकडं बघून हसत होते आणि हूटर खरा वाजत होता.

तो उठला. स्टूल मागं आडवं पडलं.

"उठा!" तो ओरडला. "टेस्टिंग न्हाई हे! समद्याजणी उठा!"

एक क्षण कुणीच हललं नाही. तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून धुराची एक पट्टी छताच्या कडेनं आत आली. ती छताला चिकटून, वाट शोधल्यासारखी सरकत होती. छबूबाईनं ती पाहिली आणि तोंडावर हात दाबला.

"अगं बया," ती म्हणाली. "माझं घमेलं!"

सिस्टरची फेरी चुकवायला तिनं धुरीचं घमेलं चादरींच्या खोलीत फळीखाली सरकवलं होतं. वर दुसरं घमेलं उपडं घातलं म्हणजे विझेल, असा तिचा हिशेब. निखाऱ्यांनी गादीचा कोपरा धरला होता. त्या खोलीतल्या डिटेक्टरला टोपडं नव्हतं, त्यानं वेळेवर सांगितलं होतं. खाली रिसेप्शनवरच्या पोरीनं लाल दिवाही पाहिला होता. फिलिपमामा वर आहेत, असं म्हणून ती चहा घेत बसली होती.

फिलिपनं बाळ कृपाच्या कुशीत दिलं आणि तिला स्नेहलच्या खांद्यावर टेकवलं. बाया वाकून, पदर नाकाला लावून, बाळं पोटाशी धरून जिना उतरल्या. चादरींच्या खोलीच्या दाराखालून काळा धूर येत होता आणि दाराचा रंग फोडांसारखा फुगायला लागला होता. चांगुणाला चालता येईना. फिलिप, छबूबाई आणि दोन आयाबायांनी चादरीची चार टोकं धरून तिला उचललं. तिचं बाळ तिच्याच छातीवर होतं. छबूबाई पूर्ण जिनाभर एकच वाक्य म्हणत होती, "मीच जाळलं असतं गं तुला, मीच जाळलं असतं." ते खाली पोचले तेव्हा वर दार फुटल्याचा आवाज झाला आणि जिन्याचं तोंड धुरानं गच्च भरलं.

अकरा बाया, अकरा बाळं. अंगणात लिंबाखाली फिलिपनं त्यांची हजेरी तीनदा घेतली. मग भिंतीला टेकून बसावं तसा तो खाली बसला, आणि बसल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं की सगळ्याजणी त्याच्याकडं बघतायत. तो परत उभा राहिला.

नगरपरिषदेच्या बंबानं आग विझवली. संध्याकाळ व्हायच्या आत पॅनलची नोंद वाचायला फिलिपच लागला, दुसरं कुणाला ते येत नव्हतं. चादरींची खोली, आग, तीन वाजून बारा मिनिटं. वॉर्डाचा डिटेक्टर, आग, तीन वाजून सोळा मिनिटं. ती छतावरची पट्टी. म्हणजे तो उठला तेव्हा.

"चार मिनिटं," पंकजाबाई म्हणाल्या. "चार मिनिटं तुम्ही काय करत होतात, फिलिपमामा?"

फायरचा माणूस शेजारी होता, कृपा होती, डबा हातात घेतलेली एंजेला होती.

"बसलो होतो मॅडम," फिलिप म्हणाला. "मला हूटर नीट ऐकू येत न्हाई. दोन वर्षं झाली. कानात आतल्या आत वाजतंय, मला वाटलं तेच हाय. तुमाला सांगायला पायजे हुतं. सांगितलं न्हाई. माज्याच नातीला मी हातात घेऊन बसलो होतो, मॅडम."

एंजेलानं डबा खाली ठेवला आणि नवऱ्याचे दोन्ही कान आपल्या तळहातांनी झाकले, लहान मुलाचे झाकावेत तसे. आत वाजत होतं ते वाढलं.

त्यानं काम सोडलं. बांबू माळ्यावर गेला. तपासणीला आता नगरहून करण नावाचा एक पोरगेला इंजिनिअर येतो आणि स्प्रे वापरतो. प्रसूतिगृह दुरुस्त झालं, चादरींची खोली जिन्यापासून लांब गेली, वॉर्डाला बाहेरून दुसरा जिना झाला. ते स्टूल मात्र पंकजाबाईंनी वॉर्डातून काढून टाकलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, की वाजलं की उठायचं, कुणी बसलेलं असलं तरी.

नातीचं नाव मोनिका ठेवलं. कानातलं वाजणं गेलं नाही. पण फिलिप आता हात कानांवर नेत नाही. घरी वाजायला लागलं की तो चुपचाप पाळण्याशी जाऊन उभा राहतो आणि तिच्या मुठीकडं बघतो. मूठ मिटलेली असली की त्याचा जीव भांड्यात पडतो. मग ते वाजणं त्याचं एकट्याचं.

नऊ महिन्यांच्या लशीला मोनिकाला घेऊन तो आणि कृपा त्याच प्रसूतिगृहात गेले. खालच्या व्हरांड्यात बाकांवर पंधरावीस आया पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यातली चांगुणा त्याला बघून उभी राहिली आणि छबूबाईनं त्याच्यासाठी जागा केली. मोनिका त्याच्या मांडीवर होती. ऊन तसंच गजांतून आत आलेलं.

टीं टीं टीं.

त्यानं मुठीकडं पाहिलं. मूठ हलली नव्हती. आता मोनिका मोठी झाली होती, असल्या बारीकसारीकाला दचकत नव्हती. तो क्षणभर थांबला, आणि मग त्याला दिसलं की ती त्याच्या तोंडाकडं बघतेय. डोळे मोठे करून, काय करायचं असं विचारल्यासारखी. वॉर्डातल्या सगळ्याजणी बघायच्या तशीच.

फिलिप उठला. मोनिकाला कडेवर घेऊन तो सरळ व्हरांडा उतरून लिंबाखाली गेला. त्याच्यामागं कृपा उठली, छबूबाई उठली, चांगुणा उठली, आणि काही न विचारता सगळा व्हरांडा पोरांसकट अंगणात आला.

स्नेहल धावत पॅनलपाशी गेली आणि परत आली.

"मामा, हिरवा दिवा हाय. कुठंच काही न्हाई. वाजलंच न्हाई."

"माहीत हाय," फिलिप म्हणाला.

"मग उठलात कशाला?"

त्यानं कडेवरच्या पोरीचं टोपडं सारखं केलं.

"ही बघत हुती," तो म्हणाला.